पलीकडचे केंद्र व्यस्त आहे

मित्रांनो, तळघरातल्या तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात मी राहतो. मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची कामे करणारा संगणक. मला पडदा नाही, कळफलक नाही. समोर एक हिरवा आणि एक पिवळा असे दोन दिवे आहेत आणि पाठीमागे चार पंखे, त्यांतला एक गेल्या वर्षापासून खरखरतो. माझ्या कपाळावर बारा वर्षे एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘चालू आहे. हात लावू नये.’ आता ती नाही. जिथे ती होती तिथला रंग तेवढा नवा दिसतो.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. एकीने माझ्यात पंखे बसवले, दुसरीने स्मरणाच्या पट्ट्या खोचल्या. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या मुख्य पाटीवर एक चपटी, गोल बॅटरी दाबून बसवली. कोटाच्या बटणाएवढी. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणे एवढेच तिचे काम. बसवताना ती बाई शेजारणीला म्हणाली, “सगळ्यात लहान ही, आणि हिची चौकशी कोणीच करत नाही.”

“माझ्यासारखीच की,” शेजारीण म्हणाली. दोघी हसल्या आणि टेबलावरचा सरकता पट्टा मला पुढे घेऊन गेला.

मी एका मोठ्या रुग्णालयात आलो. पहिल्या दिवशी मला ज्यांनी कपाटात बसवले, ते संगणक विभागाचे प्रमुख. त्यांना सगळे रीस्टार्ट काका म्हणतात. प्रिंटर अडला, पडदा गोठला, कोणाचा पासवर्ड चालेना, काकांचे पहिले वाक्य ठरलेले : “बंद करा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग चालू करा.” दहातल्या आठ वेळा तेवढ्याने काम होई. उरलेल्या दोन वेळा काय होते, हे पाहायला त्यांना कधी सवड मिळाली नाही.

माझे काम सांगतो. रुग्णालयाला दिवसभर बाहेरच्यांशी बोलावे लागते. औषधांच्या गोदामाला मागणी कळवायची, मोठ्या प्रयोगशाळेकडून तपासण्यांचे निकाल मागवायचे, दान केलेले डोळे सांभाळणाऱ्या नेत्रपेढीला होकार पाठवायचा. हे बोलणे माणसे करत नाहीत, संगणक करतात. कोणता निरोप कोणत्या शब्दांत द्यायचा आणि उत्तर कोणत्या शब्दांत मिळेल, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेले असते. छापील अर्जाचे रकाने ठरलेले असतात तसेच. या पद्धतीला एपीआय म्हणतात. रुग्णालयातून बाहेर जाणारा असा प्रत्येक निरोप आधी माझ्याकडे येई. मी पलीकडच्या दाराशी जाऊन कडी वाजवी. दार उघडले की समोरचा आपले ओळखपत्र दाखवी. मी त्यात तीन गोष्टी पाही : नाव बरोबर आहे का, शिक्का विश्वासातल्या माणसाचा आहे का, आणि आजची तारीख नि वेळ ओळखपत्राच्या मुदतीत बसते का. तिन्ही ठीक असल्या तर निरोप देई. एक जरी चुकली तरी मागे फिरे आणि का फिरलो ते माझ्या नोंदीत लिही. या नोंदींना ही मंडळी लॉग म्हणतात.

सुरुवातीला माझी नोंद जशीच्या तशी वरच्या मजल्यांवर दिसे. निरोप अडला की लाल अक्षरांत लांबलचक ओळ उमटे. नेत्रविभागात तेव्हा एक वयस्कर परिचारिका होत्या. लाल अक्षरे पाहिली की त्यांना वाटे, आपल्याच हातून काहीतरी मोडले. एकदा त्यांनी एका दिवसात काकांना अकरा फोन केले. अकराव्या फोनला त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

काका मनाने वाईट नाहीत. त्याच दुपारी ते माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि वरच्या प्रणालीत त्यांनी एक बदल केला. यापुढे निरोप कोणत्याही कारणाने अडला, तरी पडद्यावर एकच वाक्य दिसायचे, निळ्या अक्षरांत :

‘पलीकडचे केंद्र सध्या व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करावा.’

परिचारिकाबाईंचे फोन थांबले. “किती सभ्य मशीन आहे हो,” त्या म्हणाल्या, “माणसांनी शिकावं याच्याकडून.” वार्षिक सभेत या बदलाचे कौतुक झाले, कारण तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. निरोप पूर्वीइतकेच अडत होते. मी कारणे लिहीतच होतो. ती आता कोणी वाचत नव्हते, एवढाच फरक पडला.

मग पुष्कळ वर्षे काही झाले नाही. चांगल्या सर्व्हरच्या आयुष्यात असेच असते. चार वर्षांनी काकांनी ती चिठ्ठी चिकटवली, कारण रंगकाम करणाऱ्याने माझी तार ओढली होती. नाही, चुकलो. चिठ्ठी पहिल्याच वर्षी लागली. तार चौथ्या वर्षी ओढली गेली, आणि तेव्हा चिठ्ठीवर ‘हात लावू नये’च्या खाली दोन रेघा वाढल्या. सगळ्या यंत्रांना वेळ सांगणारा एक सर्व्हर माझ्या वरच्या खणात होता. मागच्या वर्षी तो जुना म्हणून काढून नेला. बाकीच्यांना नव्या सर्व्हरचा पत्ता दिला. माझ्यावर चिठ्ठी होती, म्हणून मला कोणी हात लावला नाही. तेव्हापासून माझे घड्याळ माझ्यापुरते चालत होते. त्या बटणाएवढ्या बॅटरीचे आयुष्य पाच वर्षांचे असते. तिला बारावे लागले होते.

आता त्या आठवड्याचे सांगतो. वरच्या मजल्यावरचे मी काही पाहिलेले नाही. नंतर काही दिवस माणसे माझ्यासमोर बसून तेच तेच बोलत राहिली, त्यातून मी जुळवले आहे. वेळा मात्र माझ्या नोंदीतल्या आहेत. त्या चुकीच्या होत्या, पण किती चुकीच्या ते मला आता माहीत आहे, म्हणून दुरुस्त करून सांगतो.

रविवारी वीजदुरुस्तीसाठी तळघर सकाळी आठ ते दुपारी दोन बंद होते. मी पूर्ण विझलो. बॅटरीने माझे घड्याळ सांभाळायला हवे होते. तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. घड्याळ आठला थांबले आणि दोनला वीज आली तेव्हा जिथे थांबले होते तिथूनच चालू लागले. मी सहा तास मागे राहिलो. मला तसे काही जाणवले नाही. घड्याळाला स्वतःचे घड्याळ नसते.

सोमवार, मंगळवार निरोप व्यवस्थित गेले. औषधगोदामाचे ओळखपत्र दोन महिने जुने होते, प्रयोगशाळेचे पाच. सहा तासांनी त्यांना काही फरक पडत नव्हता. बुधवारी सकाळी आठ वाजता नेत्रपेढीने आपले ओळखपत्र बदलले. नवे ओळखपत्र त्या क्षणापासून लागू होते. माझ्या घड्याळात तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते.

दहा वाजता नेत्रविभागाच्या समन्वयक ताईंच्या फोनवर नेत्रपेढीचा निरोप आला. आत येणारे निरोप माझ्यातून जात नाहीत, म्हणून तो वेळेवर आला. एका रुग्णासाठी बुबुळावरचा पारदर्शक पडदा उपलब्ध झाला होता. होकार प्रणालीतून पाठवायचा, दुपारी एकच्या आत. नाहीतर प्रस्ताव यादीतल्या पुढच्या नावाकडे जाणार होता.

रुग्ण म्हणजे एक शिंपी. वय साठच्या पुढे. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यावर चार वर्षांपूर्वी जंतुसंसर्गाने पांढरी साय आली. त्याला उजेड आणि सावली एवढेच कळे. नेत्रविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, आतला डोळा अजून धड आहे, पण तो असाच धड राहील अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. मागच्या वर्षी एकदा त्याची पाळी आली होती, तेव्हा नेमका तापाने फणफणला होता. ही दुसरी पाळी.

ताईंनी त्याला लगेच बोलावून घेतले. मुलगी हाताला धरून घेऊन आली. नेत्रविभागाबाहेरच्या बाकावर दोघे बसले.

“बाबा, शर्टाची बटणं एक घर सोडून लावलीत.”

“राहू दे. आज तसाही उतरवूनच घेणार आहेत.”

“लोक म्हणतील, शिंप्याचाच शर्ट वाकडा.”

“म्हणू देत. परत जाताना मी स्वतः बघून लावीन,” शिंपी म्हणाला.

दहा वाजून बारा मिनिटांनी ताईंनी होकाराची कळ दाबली. निरोप माझ्याकडे आला. मी नेत्रपेढीच्या दाराशी गेलो, कडी वाजवली, दार उघडले. ओळखपत्रावर लिहिले होते : आज सकाळी आठपासून लागू. माझ्या घड्याळात पहाटेचे चार वाजून बारा मिनिटे झाली होती. जे ओळखपत्र अजून चार तासांनी लागू होणार, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी मागे फिरलो. नोंदीत लिहिले : ‘ओळखपत्र अजून लागू झालेले नाही.’ ताईंच्या पडद्यावर निळी अक्षरे उमटली. पलीकडचे केंद्र सध्या व्यस्त आहे.

ताई थांबल्या. पुन्हा कळ दाबली. पुन्हा थांबल्या. पाऊण तासात अठरा वेळा. मग त्यांनी काकांना फोन केला.

“काका, नेत्रपेढी व्यस्त आहे म्हणतेय. माझ्याकडे एकपर्यंतच वेळ आहे हो.”

“काय आलंय स्क्रीनवर? वाचून दाखवा.”

ताईंनी वाचून दाखवले.

“मग त्यांच्याकडे गर्दी असणार,” काका म्हणाले. “आपलं काही नाही त्यात. तरी मी एकदा आपला सर्व्हर रीस्टार्ट करतो.”

मित्रांनो, ते वाक्य काकांनी स्वतः लिहिले होते. दहा-अकरा वर्षांत ते इतक्या वेळा त्यांच्या कानांवर आले होते की आपण ते लिहिले हेच ते विसरले होते. आता ते त्यांना पलीकडून आलेल्या बातमीसारखे वाटत होते.

काका तळघरात आले. माझी तार काढली, दहा मिनिटे थंड होऊ दिले, तार लावली. त्या दहा मिनिटांत माझे घड्याळ पुन्हा थांबले. मी सहा तास दहा मिनिटे मागे पडलो.

संगणक विभागात तीन महिन्यांपूर्वी एक तंत्रज्ञ बाई रुजू झाल्या होत्या. त्या कमी बोलतात. ताईंचा दुसरा फोन त्यांनी उचलला, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. त्यांनी आधी पाहिले, नेत्रपेढीच्या नावावरून तिच्या संगणकाचा पत्ता मिळतो का. मिळत होता. मग पाहिले, त्या पत्त्यावर कोणी दार उघडते का. उघडत होते. मग स्वतःच्या मेजावरच्या संगणकावरून नेत्रपेढीच्या संकेतस्थळाचे पान उघडले. मेजांवरचे संगणक दुसऱ्या, नव्या वाटेने बाहेर जातात. पान लगेच उघडले.

“काका, केंद्र व्यस्त नाहीये,” त्या म्हणाल्या.

“अहो, पान वेगळं, एपीआय वेगळा. पान काय, कोणालाही उघडतं.”

“बरोबर. पण व्यस्त असतं तर तसं त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी खरंच सांगितलंय का तसं?”

“स्क्रीनवर लिहिलंय ना. अजून कसं सांगायचं, पत्र पाठवून?”

काका पुन्हा खाली आले. पुन्हा दहा मिनिटे. सहा तास वीस मिनिटे.

बाईंनी नेत्रपेढीला फोन लावला. तिथल्या कर्मचाऱ्याने आपल्या नोंदी पाहिल्या. तो म्हणाला, “तुमचा सर्व्हर सकाळपासून तीस-पस्तीस वेळा आलाय. दाराशी येतो, आम्ही ओळखपत्र दाखवतो, आणि तुमचाच गडी पाठ फिरवतो. आम्ही त्याला हाकललेलं नाही.”

“म्हणजे नकार आमच्या बाजूनं आहे.”

“शंभर टक्के. आणि मॅडम, लवकर बघा. फोनवरचा होकार मला घेता येत नाही. मागे फोनवरच्या होकारांनी एकच पडदा दोन रुग्णालयांना गेला होता, मोठा गोंधळ झाला. आता यादी एक वाजता आपोआप पुढे सरकते. माझ्या हातात काही नाही.”

तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाईंनी काकांकडे माझा पासवर्ड मागितला.

“त्याच्या आत जायचं नाही,” काका म्हणाले. “बारा वर्षं चाललाय तो. चिठ्ठी पाहिलीत ना?”

“पाहिली. मी काही बदलत नाही. फक्त लॉग वाचते.”

“लॉगमध्ये काय असणार? तेच असणार, व्यस्त आहे.”

 बाई हात पुढे करून उभ्या राहिल्या. काकांनी खणातून वही काढली, पाने उलटली, चष्मा शोधला, पुन्हा पाने उलटली. पासवर्ड बारा छत्तीसला मिळाला.

माझ्या नोंदी फार लांब असतात. कोणी वाचत नाही म्हणून त्या नीट लावून ठेवायची पद्धतही कोणी घातली नव्हती. औषधांच्या मागण्या, प्रयोगशाळेचे निकाल, सगळे एकाखाली एक. बाई आपल्या मेजावरून माझ्या आत शिरल्या आणि चाळत राहिल्या. बारा एकावन्नला त्यांना ओळ सापडली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, “ओळखपत्र अजून लागू झालेले नाही.” मग म्हणाल्या, “अजून? अजून म्हणजे काय?”

आणि त्यांनी मला विचारले, आत्ता किती वाजले?

बारा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर दिले : सकाळचे सहा वाजून एकतीस मिनिटे.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. वेळ दुरुस्त करायची आज्ञा एका ओळीची असते. त्यांनी ती टंकायला घेतली. अर्धी ओळ माझ्यापर्यंत पोहोचली असेल, नसेल. तेवढ्यात माझी तार निघाली.

काका पासवर्ड देऊन तिसऱ्यांदा तळघरात उतरले होते. त्यांनाही शिंप्यासाठी काहीतरी करायचे होते, आणि त्यांना करता येण्यासारखे तेवढे एकच होते. तळघरात मोबाइलला रेंज येत नाही. बाईंनी फोन लावून पाहिला, मग जिन्याने पळत खाली आल्या.

“काका, लावा! तार लावा!”

“दहा मिनिटं होऊ द्या की. आत्ताच काढलीय.”

“घड्याळ मागे पडलंय त्याचं! तुम्ही काढली की आणखी पडतं! लावा हो!”

काकांनी तार लावली. बारा पंचावन्न. मला उठायला नऊ मिनिटे लागतात. पंखे आधी, मग स्मरणाची तपासणी, मग तबकड्या, मग बाकीचे. हा क्रम मला बदलता येत नाही. दोघे माझ्यासमोर उभे होते. काकांची मूठ अजून तारेचे टोक धरल्यासारखी वळलेली होती.  तो खरखरणारा पंखा तेवढा ऐकू येत होता.

एक वाजून चार मिनिटांनी मी उठलो. एक वाजून पाच मिनिटांनी बाईंनी माझी वेळ बरोबर केली. ताईंनी कळ दाबली. मी नेत्रपेढीच्या दाराशी गेलो, ओळखपत्र पाहिले, तिन्ही गोष्टी ठीक होत्या. निरोप दिला. दोन सेकंदांत उत्तर आले :

‘प्रस्तावाची मुदत संपली आहे. प्रस्ताव पुढील रुग्णाकडे गेला आहे.’

निरोप गेला, उत्तर आले, कोणतीही अडचण नाही. माझ्या नोंदीत हा व्यवहार ‘यशस्वी’ असा लिहिलेला आहे. त्या दिवशी नेत्रपेढीशी झालेला तेवढा एकच यशस्वी व्यवहार.

ताईंनी बाकावर जाऊन सांगितले. त्यांनी तोंडातल्या तोंडात खूप काही सांगितले असावे, कारण शिंप्याने मध्येच विचारले, “म्हणजे आज नाही?”

“आज नाही हो.”

“बरं.” तो उठला. मग मुलीला म्हणाला, “चल. भूक लागलीय. सकाळपासून उपाशी ठेवलंय यांनी.”

मुलगी रडत होती. त्याला ते दिसत नव्हते, आणि तिने आवाज केला नाही. जाताना तिने त्याच्या शर्टाची बटणे उघडून नीट लावली. तो मान वर करून उभा राहिला, मापाला उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

यावर मला काय वाटले, असे तुम्ही विचाराल. माझ्यात त्यासाठी जागा ठेवलेली नाही. मी फक्त क्रम सांगू शकतो. काकांनी काही केले नसते, तर माझ्या घड्याळात आठ वाजले असते दुपारी दोनला, आणि निरोप आपोआप जाऊ लागले असते. त्यांनी तीनदा तार काढली, म्हणून ते दोन तेवीसला झाले असते. दोन्ही वेळा एकच्या पुढच्या आहेत. तार काढण्याने शिंप्याचे नुकसान झाले ते तेवीस मिनिटांचे नाही. बारा एकावन्नला जी अर्धी ओळ तुटली, तिचे आहे.

दुसऱ्या दिवशी काका स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले. ते निळे वाक्य प्रणालीत कुठून येते, हे त्यांना शोधायचे होते. “कोणत्या गाढवानं लिहिलंय ते तरी कळू दे,” ते बाईंना म्हणाले. शोधायला दहा मिनिटे लागली. वाक्याच्या वर, प्रोग्राममध्ये, एक टीप होती : ‘परिचारिका घाबरतात म्हणून.’ टिपेखाली तारीख होती आणि काकांची स्वतःची सही.

 काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती टीप पुन्हा वाचली.

“चहा आणू का, काका?” बाईंनी विचारले.

“नको,” काका म्हणाले. “हे कसं पुसायचं ते सांगा. माझा हात चालत नाहीये.”

पुसले त्यांनीच. आता निरोप अडला की पडद्यावर माझीच ओळ दिसते, आणि खाली दोन गोष्टी : कोणाच्या बाजूने अडला, आणि कोणाला फोन करायचा. अक्षरे पुन्हा लाल आहेत. मग त्यांनी कपाळावरची चिठ्ठी ओलसर फडक्याने घासून काढली, माझे झाकण उघडले आणि बॅटरी बदलली. जुनी बॅटरी त्यांनी खिशात टाकली.

पुढच्या शुक्रवारी शिंपी तपासणीला आला, तेव्हा काका बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले. हे ताईंनी पाहिले आणि खाली येऊन बाईंना सांगितले. काकांनी सगळे सांगितले. ते वाक्य आपणच लिहिले होते, हेही. मग बॅटरी त्याच्या हातात ठेवली. “ही संपली होती,” ते म्हणाले. “बारा वर्षांत मी कधी उघडून पाहिलं नाही.”

शिंप्याने ती अंगठा आणि बोटात धरून फिरवली. कडेवरून नख नेले.

“कोटाचं माप आहे,” तो म्हणाला. “पण याला भोकं नाहीत. लावायचं कसं?”

“दाबून बसवायची असते,” काका म्हणाले. “नवी बसवली मी.”

“आता घड्याळ बरोबर आहे ना त्याचं?”

“आहे. मी रोज बघतो.”

“मग बघत राहा,” शिंपी म्हणाला, आणि बॅटरी त्याने स्वतःच्या खिशात ठेवली.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात मला बंद करणार आहेत. माझे काम नव्या सर्व्हरकडे जाईल. तुम्ही मोठे व्हाल, यंत्रे बनवाल, त्यांच्या तोंडी वाक्ये घालाल. तेव्हा एवढे करा. काय बिघडले ते खरे लिहा, कोणाच्या बाजूने बिघडले तेही लिहा. वाचणारा घाबरेल, अकरा फोन करेल. करू द्या. अकराव्या फोनला कोणीतरी उठून पाहायला येते. आणि जे यंत्र वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालते, त्याला कधीतरी उघडून विचारा, आत्ता किती वाजले.

काका रोज सकाळी नऊला येतात, मला वेळ विचारतात, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतात. मग नेत्रपेढीकडे एक चाचणीचा निरोप पाठवतात. तो जातो. शिंप्याचे नाव अजून यादीत आहे. आज गुरुवार, नऊ वाजून दोन मिनिटे आणि अकरा सेकंद. वेळ बरोबर आहे. वरून शिंप्याचा होकार अजून आलेला नाही.